निवाड्यांची साखळी आणि बीडचा ऊस

बीड जिल्ह्यात लवाद ही पुस्तकातली गोष्ट नाही. ऊसतोडणीच्या दराचा करार संपत आला की कामगार संघटना ‘कोयता बंद’चा इशारा देतात, राज्य साखर संघाशी बोलणी सुरू होतात आणि प्रश्न लवादापुढे जातो. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद या जिल्ह्याने वर्षानुवर्षे पाहिला. २०१४ मध्ये मुंडे यांचे निधन झाल्यावर ती जागा पंकजा मुंडे यांच्याकडे आली. २०२० मध्ये तोडणीच्या दरात सरासरी १४ टक्के वाढ ठरली, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. दर वेळी बोलणी सुरू होतात ती मागच्या करारापासून. त्या कराराची मुदत संपलेली असते आणि नव्या लवादावर त्याचे कायदेशीर बंधन नसते. तरीही तो आकडा खाली ओढणे कोणाला सोपे जात नाही. मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडणाऱ्या जोडप्याच्या हातात वाटाघाटीची दुसरी ताकद फारशी नसते. मागच्या वेळी जे मान्य झाले, तेवढी मिळकत मात्र त्यांच्या नावावर जमा असते.

आधीच्या निर्णयाचा आधार ही दुबळ्या पक्षाची मिळकत असते, असे माझे म्हणणे आहे. पाटोदा, शिरूर कासार किंवा धारूरच्या टोळीला हे जितके लागू आहे, तितकेच ते देशांनाही लागू आहे. आणि या मिळकतीकडे भारत सध्या ज्या बेफिकिरीने पाहतो आहे, ती आपल्याला महाग पडेल.

१४ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन गाळप हंगामात, जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलचा अहवाल प्रसिद्ध झाला. विषय होता भारताचा ऊस आणि भारताची साखर. तक्रारदार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. पॅनेलने सांगितले की २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. साखर निर्यातीला चालना देण्यासाठी कारखान्यांना दिलेले उत्पादन साहाय्य, राखीव साठ्याचे अनुदान आणि वाहतूक साहाय्यही नियमबाह्य ठरले. निर्यातीची प्रतिबंधित अनुदाने १२० दिवसांत मागे घ्यावीत, अशी शिफारस झाली. भारत सरकारने हे निष्कर्ष पूर्णपणे अमान्य असल्याचे जाहीर केले आणि अपील दाखल केले.

हे अपील ज्या अपील मंडळापुढे गेले, तिथे एकही सदस्य नव्हता. ११ डिसेंबर २०१९ पासून हे मंडळ अपील ऐकूच शकत नाही. अपील प्रलंबित असताना पॅनेलचा अहवाल स्वीकारता येत नाही, म्हणून तो लागूही होत नाही. निकाल लागला, पण कायम झाला नाही. अपील झाले, पण सुनावणी नाही. साखर उद्योगात आणि सरकारी वर्तुळात या कोंडीकडे सुटका म्हणून पाहिले गेले. ही सुटका खरी आहे का, हे तपासायचे तर आंतरराष्ट्रीय न्यायालये आणि लवाद एकमेकांच्या निकालांकडे कसे पाहतात, हे आधी समजून घ्यावे लागेल.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बीडच्या जिल्हा न्यायालयावर बंधनकारक असतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर अशी उतरंड नाही. हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय, हॅम्बुर्गचे सागरी कायद्याचे न्यायाधिकरण, स्ट्रासबर्गचे युरोपीय मानवाधिकार न्यायालय, जिनिव्हाची व्यापार पॅनेले, गुंतवणूकदारांचे लवाद, प्रत्येकाचे घर वेगळे. हेगच्या न्यायालयाच्या सनदेतले ५९वे कलम सांगते की निकाल फक्त त्या खटल्यातील पक्षांना आणि त्या खटल्यापुरता बांधतो. कागदावर पाहिले तर प्रत्येक खटला शून्यापासून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण शून्यापासून सुरू होणाऱ्या न्यायात बलवान पक्षाला दर वेळी नव्याने जिंकण्याची संधी मिळते.

कुलभूषण जाधव यांचा खटला महाराष्ट्राच्या चांगला लक्षात आहे. १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या न्यायालयाने अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणाऱ्या व्हिएन्ना कराराचा पाकिस्तानने भंग केल्याचे ठरवले आणि जाधव यांच्या फाशीच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्याचा आदेश दिला. फेरविचाराचा हा उपाय त्या दिवशी जन्माला आलेला नव्हता. जर्मनीने अमेरिकेविरुद्ध लढवलेला लाग्रांद खटला (२००१) आणि मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध लढवलेला अवेना खटला (२००४) यांत तो घडला होता. अमेरिकेच्या तुरुंगातील जर्मन आणि मेक्सिकन कैद्यांसाठी झालेली ती लढाई पुढे एका मराठी कुटुंबाच्या उपयोगी पडली. आधीच्या निकालांची ही कमाई हाताशी नसती, तर भारताच्या वकिलांना पहिल्या पायरीपासून चढावे लागले असते.

हेगचे न्यायालय फार काळ मुख्यतः स्वतःचेच निकाल उद्धृत करत आले. २०१० मध्ये ग्विनी विरुद्ध काँगो या डायलो खटल्यात त्याने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने लावलेल्या अर्थाला मोठे वजन द्यायला हवे, असे स्पष्ट लिहिले. दोन वर्षांनी त्याच खटल्यात भरपाई ठरवताना युरोपीय आणि आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयांचे निकालही त्याने विचारात घेतले. दुसऱ्या न्यायपीठाचा शब्द ऐकल्याने न्यायालयाचा अधिकार कमी होत नाही, हे यातून सिद्ध झाले.

व्यापाराच्या जगात ही वाट त्याआधीच मोकळी झाली होती. १९९६ मध्ये अपील मंडळाने आपल्या पहिल्याच निकालात, अमेरिकेच्या पेट्रोलविषयक नियमांविरुद्ध व्हेनेझुएला आणि ब्राझीलने आणलेल्या खटल्यात, व्यापार करार उरलेल्या आंतरराष्ट्रीय कायद्यापासून तोडून वाचता येणार नाहीत असे बजावले आणि अर्थ लावण्याच्या नियमांसाठी हेगच्या निकालांचा आधार घेतला. त्याच वर्षी जपानच्या मद्यकरांच्या खटल्यात मंडळाने म्हटले की स्वीकारलेल्या पॅनेल अहवालांवर सदस्य देश रास्तपणे विसंबतात, म्हणून संबंधित वादात त्यांची दखल घेतली पाहिजे. मात्र ते बंधनकारक नाहीत. ५९वे कलम असूनही हेगच्या न्यायालयात पूर्वनिर्णयांची परंपरा उभी राहिलीच, याची आठवणही मंडळाने तिथे दिली.

या परंपरेच्या घडणीत भारताचे खटले ठिकठिकाणी आहेत. अमेरिकेने भारतीय लोकरी शर्ट आणि ब्लाउजवर लादलेल्या निर्बंधांविरुद्धचा खटला आपण १९९७ मध्ये जिंकला. त्यात अपील मंडळाने हेगसह विविध न्यायाधिकरणांच्या प्रथेचा हवाला देत पुराव्याचा भार कोणावर, याचा नियम घालून दिला आणि त्यानंतरच्या असंख्य व्यापार खटल्यांत तोच नियम उद्धृत झाला. त्याच वर्षी औषधांच्या पेटंटविषयी अमेरिकेने आपल्याविरुद्ध आणलेल्या खटल्यात भारताचा देशांतर्गत कायदा कसा तपासायचा, यासाठी मंडळाने १९२६ मधला, पोलंडमधील जर्मन हितसंबंधांविषयीचा जुना हेग निकाल पुढे केला. तिथे आपण हरलो. अमेरिकेच्या कोळंबी आयात निर्बंधांविरुद्धच्या १९९८ च्या खटल्यात ‘संपणारी नैसर्गिक संपत्ती’ म्हणजे फक्त खनिजे, हा आपला युक्तिवाद टिकला नाही, कारण करारातील शब्दांचा अर्थ काळाबरोबर वाढतो हे हेगने नामिबियाविषयीच्या १९७१ च्या मतात सांगितले होते. तरी अमेरिकेने निर्बंध ज्या पद्धतीने राबवले ती भेदभावाची ठरली. कधी आधार आपल्या बाजूने, कधी विरुद्ध. पण आधाराची पद्धत सगळ्यांना सारखी होती.

या साखळीतला भारतासाठी सर्वांत मोलाचा दुवा कापसाचा आहे. युरोपीय समुदायाने भारतातून येणाऱ्या सुती चादरींवर अँटी-डम्पिंग शुल्क लावले होते. माल घरच्या बाजारभावापेक्षा स्वस्तात विकला, हा आरोप सिद्ध करताना हिशेबात एक चलाखी केली जाई. ज्या प्रकारच्या चादरी उलट महाग विकल्या गेल्या, त्यांचा फरक वजा करण्याऐवजी शून्य धरला जाई, म्हणजे सरासरीत आरोप आपोआप मोठा दिसे. मार्च २००१ मध्ये अपील मंडळाने ही शून्यीकरणाची पद्धत बेकायदा ठरवली. भारताच्या चादरींनी मिळवलेला हा निकाल कॅनडाने २००४ मध्ये लाकडाच्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध वापरला. पुढे युरोप, जपान आणि मेक्सिको त्याच वाटेने गेले. अमेरिका पुन्हा पुन्हा हरली.

२००८ मध्ये मेक्सिकोच्या स्टेनलेस स्टीलच्या खटल्यात एका पॅनेलने अपील मंडळाचे आधीचे निकाल जाणूनबुजून बाजूला ठेवले. मंडळाने तीव्र चिंता व्यक्त केली आणि सांगितले की ठोस कारणे नसतील तर त्याच कायदेशीर प्रश्नाचे उत्तर पुढच्या खटल्यात तेच असले पाहिजे. हे वाक्य अमेरिकेला खुपले. २०१६ मध्ये तिने कोरियाच्या सदस्याची फेरनेमणूक अडवली, २०१७ पासून सगळ्याच नेमणुका रोखल्या. सात सदस्यांचे मंडळ रिकामे होत गेले. डिसेंबर २०१९ मध्ये ज्या दोघांची मुदत संपली आणि मंडळ ठप्प झाले, त्यांत भारताचे उजलसिंग भाटिया होते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने आपला आक्षेप सविस्तर मांडला. त्यात मुदतींचा आणि अधिकारमर्यादेचा भाग होताच, पण अपील मंडळ आपल्या अहवालांना बंधनकारक पूर्वनिर्णयाचा दर्जा देते, ही तक्रार केंद्रस्थानी होती.

म्हणजे भारताच्या सुती चादरींनी सुरू केलेली न्यायाची साखळी अमेरिकेला जाचली, म्हणून तिने अपील मंडळ मोडले. आणि त्याच मोडलेल्या मंडळाच्या आडोशाला भारताने आपली साखर ठेवली. आपणच मिळवलेल्या मिळकतीवर दुसऱ्याने पाणी फिरवले आणि त्यात आपण सोय शोधली. म्हणूनच ही सुटका मला विजय वाटत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. जुने निकाल नेहमी दुबळ्याच्या कामी येतात, हे खरे कुठे आहे? साखरेच्या खटल्यात भारताने सांगितले की सरकार शेतकऱ्याचा एक कांडीही ऊस विकत घेत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, कारखाना देतो, मग हा सरकारी आधार कसा? पॅनेलने हा बचाव फेटाळला. कोरियाच्या गोमांसाविषयीच्या २००० च्या निकालापासून असा अर्थ रूढ झाला आहे की ठरवलेल्या दराला पात्र असलेले सगळे उत्पादन हिशेबात धरायचे, सरकारने ते खरेदी केले की नाही हे पाहायचे नाही. भर म्हणजे आजचा दर ज्या बाह्य किमतीशी ताडला जातो, ती १९८६-८८ ची. २०१८-१९ ला क्विंटलमागे २७५ रुपये असलेली एफआरपी तीस वर्षांपूर्वीच्या किमतीशी मोजली की आधाराचा आकडा अवाढव्य दिसणारच. गुंतवणुकीच्या क्षेत्रात असाच अनुभव व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या खटल्यात आला. भारतीय न्यायालयांतील विलंबाबद्दल २०११ मध्ये लवादाने भारताला दोषी धरले, आणि त्यासाठी आधार घेतला तो शेव्हरॉन विरुद्ध इक्वेडोर या, भारताचा काहीही संबंध नसलेल्या निवाड्याचा.

आक्षेपात तथ्य आहे. पण नीट पाहिले तर दोष कुठे आहे? १९८६-८८ ची किंमत कोणत्याही निकालाने घातलेली नाही, ती कृषी कराराच्या सूत्रातच आहे आणि त्या करारावर आपली सही आहे. सूत्र बदलायचे तर वाटाघाटीत बदलावे लागेल. कोरियाच्या निकालातला अर्थ आपल्या एफआरपीला लागू करणे चुकीचे असेल, तर ते कारणांसह पटवून देण्याची जागा अपील मंडळच होती. ठोस कारणे असतील तर वेगळी वाट धरता येते, हे त्याच मंडळाने मान्य केले होते. रिकाम्या पीठापुढे जुना निकाल बदलून घेता येत नाही. तो जसाच्या तसा राहतो आणि पुढचे पॅनेल तोच उद्धृत करते. विकसनशील देश म्हणून निर्यात अनुदाने बंद करायला आठ वर्षांची मुदत मिळावी, हा आपला मुद्दा अमेरिकेने आणलेल्या निर्यात योजनांच्या खटल्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये फेटाळला गेला होता. तेही अपील सुनावणीविनाच पडून राहिले आणि २०२३ मध्ये दोन्ही देशांनी तो वाद आपसात मिटवला. साखरेच्या पॅनेलने दोन वर्षांनी तोच निष्कर्ष काढला. अपील अडकले म्हणून निकालाचे वजन नाहीसे झाले नाही. ते दुरुस्त करण्याची संधी तेवढी गेली.

समान अपीलपीठ नसले की काय होते, हे साखरेनेच आणखी एका ठिकाणी दाखवले आहे. मेक्सिकोने २००२ पासून उसाच्या साखरेखेरीज दुसरे गोडक वापरणाऱ्या शीतपेयांवर २० टक्के कर लावला. अमेरिका आपली साखर कराराप्रमाणे घेत नाही, अशी त्याची मूळ तक्रार होती आणि ती ऐकायला उत्तर अमेरिकी करारातले पॅनेल बसूच शकले नव्हते. २००६ मध्ये जिनिव्हाने कर बेकायदा ठरवला आणि त्या दुसऱ्या करारातल्या वादात शिरण्यास नकार दिला. मग मक्यापासून गोडक बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी तीन वेगवेगळ्या लवादांत मेक्सिकोवर दावे लावले. २००७ मध्ये एका लवादाने म्हटले की प्रतिउपायाचा, म्हणजे दुसऱ्याच्या करारभंगाला उत्तर म्हणून पाऊल उचलल्याचा, बचाव तत्त्वतः घेता येतो, पण इथे त्याच्या अटी पूर्ण होत नाहीत. २००८ मध्ये दुसऱ्याने म्हटले की गुंतवणूकदाराविरुद्ध असा बचाव चालतच नाही. कर एक, देश एक, करारही एक. कायद्याची उत्तरे मात्र वेगळी. मेक्सिको तिन्हीकडे हरला. ज्या देशाची मूळ तक्रार कोणी ऐकली नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याने लावलेले सगळे खटले आले.

बीडच्या शेतकऱ्यासाठी हा दूरचा प्रश्न नाही. गेवराई, माजलगाव, वडवणीच्या शिवारात कापूस आहे आणि त्याचा भाव जगाच्या बाजाराशी बांधलेला आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानांमुळे जागतिक भाव दबले, हे ब्राझीलने जिनिव्हात सिद्ध करून दाखवले. अपील मंडळाचा निकाल मार्च २००५ चा. भारत त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष होता. प्रतिउपायाच्या धाकाने अमेरिकेला २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यावे लागले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवावा लागला. बीडच्या कापूसकऱ्याला त्यातले काही मिळाले नाही. अनुदानाने भाव दबतो हे कसे सिद्ध करायचे, याचा मार्ग मात्र निकालात लिहून ठेवलेला आहे आणि तो उद्या आपल्यालाही वापरता येईल. त्यासाठी तो निकाल उद्धृत करता येईल आणि टिकेल, असे पीठ जिवंत असावे लागते.

एकमेकांचे निकाल वाचणाऱ्या या न्यायपीठांची एक उणीवही सांगितली पाहिजे. साखरेच्या खटल्यात उसाचा भाव, कारखान्याचे अनुदान आणि निर्यातीचा हिशेब होता. तो ऊस तोडणारा माणूस कुठल्याही कायदेशीर प्रश्नात नव्हता. कोयता म्हणून मोजले जाणारे नवरा-बायको, कोपीवर वाढणारी त्यांची मुले, गर्भाशय काढलेल्या स्त्रिया, ज्यांच्यासाठी २०१९ मध्ये राज्याला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यांचा उल्लेख होण्याची वाटच त्या रचनेत नाही. कोळंबी खटल्यात व्यापाराच्या न्यायपीठाने पर्यावरणाचे करार वाचले; श्रमाच्या कराराला तसे दार उघडले गेले नाही. १९९६ च्या सिंगापूर जाहीरनाम्यात सदस्यांनी कामगार मानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवला. श्रीमंत देश या मानकांचा वापर आपला बाजार बंद करण्यासाठी करतील, ही भारताची भीती निराधार नाही, आणि म्हणून ही मागणी मी जिनिव्हाकडे करणार नाही.

ती मी आपल्या घरात करतो. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा श्रम संघटनेचा २९वा करार भारताने १९५४ मध्ये स्वीकारला. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात राबवणे ही सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या कामगारांच्या खटल्यात सांगितले. १९९७ च्या विशाखा निकालात देशात कायदा नसताना आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या जागी स्त्रियांना संरक्षण दिले गेले. हे निकाल ऊसतोडीच्या पुढच्या करारात उद्धृत व्हायला कोणाचीच हरकत असू नये. उचल फेडण्याच्या अटी, आजारपणातल्या सुट्टीचा दंड आणि बाईच्या स्वतंत्र मजुरीचा हिशेब यांवर लवादाने दराच्या टक्क्यांइतकेच बोलले पाहिजे आणि ते कारणांसह लिहून ठेवले पाहिजे. लिहून ठेवलेला शब्दच पुढच्या वेळी आधार होतो.

आणि दिल्लीकडे एक मागणी. २०२० मध्ये काही देशांनी आपसात अपील ऐकण्यासाठी अंतरिम लवाद व्यवस्था उभी केली. आपल्याविरुद्ध जिंकलेले ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला तिघेही तिच्यात आहेत, भारत नाही. मूळ अपील मंडळ पूर्ववत व्हावे असे भारत सतत म्हणतो. ते होईपर्यंत या अंतरिम व्यवस्थेत उतरावे आणि साखरेचा बचाव मोकळ्या सुनावणीत मांडावा. आपण हरलो तरी कोणत्या कारणाने हरलो ते कळेल आणि ते कारण वाटाघाटीत बदलून घेता येईल. जिंकलो तर उसाच्या भावाला आधार देणाऱ्या प्रत्येक गरीब देशाला तो निकाल वापरता येईल. न्यायपीठ रिकामे ठेवण्याची चैन महासत्तेला परवडते. कापूस आणि ऊस पिकवणाऱ्या देशाला ती परवडत नाही.